सुदामरावांची झिजाई

आमचे साडू सुदामराव बोराडे बिल करायला बसले की आधी पायातली चप्पल काढून हातात घेत, उलटी करत आणि तिचा तळ उजेडाकडे धरून नीट बघत. टाच किती गेली, अंगठ्याखाली खड्डा किती पडला, याचा अंदाज घेत. मग चप्पल खाली ठेवून, हात न धुताच, बिलावर लिहीत: 'चप्पल झिजाई'. त्यापुढे आकडा. बिलावर दुसरं काहीच नसे.

नवख्या माणसाला वाटे, यांचं चपलांचं दुकान असावं. प्रत्यक्षात जालन्याच्या मोंढ्यातल्या, म्हणजे आमच्या धान्यबाजारातल्या, कितीतरी आडत दुकानांचे हिशेब सुदामरावांनी लिहिलेल्या कॉम्प्युटर प्रोग्रामवर चालत. पण त्या प्रोग्रामचा एक पैसाही त्यांनी कधी बिलात लावला नाही.

"प्रोग्राम खुला हाय," ते म्हणत. "जो नेईल त्याचा. माझं फक्त येणंजाणं."

साडू हे नातं मोठं नाजूक. ना रक्ताचं, ना निवडीचं. दोन बहिणींनी दोन अनोळखी पुरुषांना आणून एका पलंगावर बसवलेलं असतं आणि मधे चहा ठेवलेला असतो. पुढं जन्मभर तुलना. माझी बायको मंदा थोरली, सुदामरावांची छाया धाकटी. त्यामुळं तुलनेचा निकाल सासरवाडीत आधीच लागलेला होता. मी बँकेत, तिजोरीच्या दोन किल्ल्यांपैकी एक माझ्या कमरेला. कुलपावर माझी श्रद्धा. आणि सुदामरावांच्या घराला कुलूपच नव्हतं.

नव्हतं म्हणजे विकतच आणलेलं नव्हतं. बाहेर जाताना नुसती कडी लावायची. "झाकलं की नासलं," हे त्यांचं पेटंट वाक्य. छाया लगेच म्हणायची, "दूध न्हाई झाकलं तर मांजर पितं, ते सांगा." एकदा खरंच चोर आला. घरात न्यायजोगं फारसं नव्हतं म्हणून बिचाऱ्यानं कुकर नेला. आम्ही भेटायला गेलो तर सुदामराव ओट्यावर चिंतेत बसलेले. मी म्हटलं, जाऊ द्या हो, कुकर काय, दुसरा येईल. ते म्हणाले, "तसं न्हाई, साडूभाऊ. शिट्टी इथंच राह्यली. त्याला आता भात कसा करता येईल?" आणि बरेच दिवस ती शिट्टी त्यांनी खिडकीच्या बाहेरच्या कट्ट्यावर, दिसेल अशी ठेवली होती. चोर काही आला नाही. मंदा घरी येताना रिक्षात म्हणाली, "माझ्या बहिणीचं कसं व्हायचं?"

सुदामराव मूळचे केदारखेड्याचे. शिकून औरंगाबादला एका कॉम्प्युटर कंपनीत लागले, ते जिनिंग फॅक्टऱ्यांत हिशेबाचे प्रोग्राम बसवायला. नोकरी चांगली होती. पण त्या प्रोग्रामला कुलूप होतं. अंगठ्याएवढी एक डबी कॉम्प्युटरच्या पाठीमागं खोचायची, ती असेल तरच प्रोग्राम चालणार, आणि आत काय लिहिलंय ते कंपनीच्या दोन माणसांशिवाय कुणालाच बघता येणार नाही. ऐन कापसाच्या दिवसांत एका जिनिंगमधली डबी जळाली. फाटकाबाहेर गाड्यांची रांग. काटा चालू, पण पावती निघेना. सुदामराव धावत गेले आणि नुसते बघत उभे राहिले. त्यांना स्वतःलाही प्रोग्रामच्या आत जाता येत नव्हतं. नवी डबी मुंबईहून यायची होती.

रांगेतल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं त्यांना विचारलं, "साहेब, हे तुम्हीच बसवलं ना? मंग तुम्हालाच काऊन उघडता येत न्हाई?"

हे त्यांनी मला सांगितलं आमच्या मेव्हण्याच्या लग्नात, पंगतीत. मी जिलबीवर मन एकाग्र करत होतो. ते म्हणाले, "साडूभाऊ, मला त्या मानसाला उत्तर देता आलं न्हाई. मंग मी राजीनामा देऊन आलो."

माझ्या हातातली जिलबी पानात पडली. पलीकडच्या पंगतीत मंदा आणि छाया हसत वाढत होत्या. त्यांना अजून माहीत नव्हतं.

राजीनाम्यानंतर ते जालन्याला आले आणि घरातच एक जुना कॉम्प्युटर मांडून बसले. त्या सुमारास एका मासिकाबरोबर त्यांना एक सीडी मिळाली. तिच्यात लिनक्स होतं. म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी सगळी यंत्रणा, देशोदेशींच्या माणसांनी मिळून लिहिलेली आणि आतल्या लिखाणासकट जगाला देऊन टाकलेली. घ्या, वाचा, बदला, पैसेही कमवा. अट एवढीच, की पुढच्याला देताना तुम्हीही तसंच उघडं द्यायचं. याला ओपन सोर्स म्हणतात, हे मला सुदामरावांनी सांगितलं. सांगताना त्यांचा चेहरा असा झाला होता, की जणू दूरच्या कुणा नातेवाइकानं आपणहून ओळख दाखवली आहे.

त्यावर त्यांनी आडतीसाठी प्रोग्राम लिहायला घेतला. शेतकऱ्यानं माल आणला, लिलाव झाला, काटा झाला, की आडत्या, म्हणजे माल विकून देणारा दलाल, त्याला एक कागद देतो. त्याला पट्टी म्हणतात. वजन किती, भाव काय, हमाली, तोलाई किती कापली, हातात किती आले. ही पट्टी मराठीतच छापायची हा सुदामरावांचा हट्ट. "ज्याचा माल त्याला वाचता आलं पाह्यजे," म्हणायचे. तेव्हाच्या त्या कर्र कर्र करणाऱ्या स्वस्त प्रिंटरमध्ये मराठी अक्षरं नसत. यांनी चौकटीच्या कागदावर एकेक अक्षर टिंबांनी काढलं. क झाला, ख झाला. ळ काही जमेना. शेवटी जमला तो जिलबीसारखा. छाया बघून म्हणाली, "हा ळ न्हाई हो, हा तेलात सोडलेला हाय." पण पट्टीवर 'गाळा क्रमांक' लिहावं लागतंच, तेव्हा तोच ळ कायम झाला.

प्रोग्राम तयार झाला आणि सुदामराव तो फुकट वाटायला मोंढ्यात निघाले. कुणी घेईना.

मला वाटलं होतं, फुकट म्हटल्यावर रांग लागेल. पण मोंढ्याचा स्वभाव वेगळा. "फुकट?" एक शेठ म्हणाले. "खुलं," सुदामराव म्हणाले. "म्हणजे फुकटच ना?" "फुकट न्हाई, खुलं. आतलं सगळं तुम्हाला वाचता येतं." शेठ म्हणाले, "मला माझ्या मुनीमाचं अक्षर वाचता येत न्हाई, हे कुठं वाचू?" दुसऱ्यानं विचारलं, हे रंगीत का नाही, नुसतं काळ्यावर पांढरं का? तिसऱ्यानं त्यांना बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाला, "खरं सांगा, बाजार समितीला उभं राह्यचंय का?"

कसंबसं चारपाच जणांनी घेतलं. त्यातले पहिले हाजी करीमसेठ. पण घेतलं म्हणजे सुदामरावांचं संपलं नाही, तिथून सुरू झालं. प्रिंटर अडकला, बोलवा. मुनीम बदलला, शिकवायला बोलवा. भाव चुकीचा पडला, बोलवा. हे दिवसभर मोंढ्यात पायी फिरायचे आणि संध्याकाळी रिकाम्या खिशानं घरी यायचे. घर चालत होतं छायाच्या पिको-फॉलवर. मंदा म्हणायची, "माझी बहीण साड्यांना फॉल लावते अन् हे जगाला दान करून राह्यलेत." मी त्यांना लग्नकार्यात कुणाशी ओळख करून देताना नुसतं "हे सुदामराव" म्हणायचो. पुढं काही म्हणायचो नाही.

हाजी करीमसेठ पांढऱ्या दाढीचे, मोजकं बोलणारे. त्यांनी हे सगळं गादीवर बसल्या बसल्या पाहिलं होतं. एक दिवस त्यांनी सुदामरावांना समोर बसवलं. मी माझ्या चुलत्यांच्या पट्टीसाठी तिथंच होतो.

"मियाँ, आपका धंदा क्या है?"

"प्रोग्राम, सेठ."

"वो तो आप बाँट देते. जो बाँट दिया वो धंदा नै, खैरात है. धंदा क्या है?"

सुदामरावांनी खिशातली सीडी काढून गादीवर ठेवली. मग म्हणाले, "पैसे कशाचे घेऊ, सेठ? खालचं सगळं दुनियेनं लिहिलं. वरचं जरासं माझं. दुनियेचं कसं विकू?"

हाजीसेठ खाली बघू लागले. उंबऱ्यापाशी चपला होत्या. त्यांतली एक जोडी अशी झिजलेली, की टाचेतून फरशी दिसावी.

"ये चप्पल किसकी?"

"माझी."

"दुनिया की तो नै?"

"न्हाई."

"किसके काम से घिसी?"

"तुमच्याच. मोंढ्याच्या."

"तो फिर!" हाजीसेठ मुनीमाकडं वळले. "लिखो. बोराडे साहब, चप्पल घिसाई."

मुनीमानं मराठीत लिहिलं, 'झिजाई'. आणि काय सांगू, मोंढ्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हमाली त्यांना कळत होती, तोलाई कळत होती, गाडी उतरवायची वाराई कळत होती. सॉफ्टवेअर, सर्व्हिस, लायसन्स हे शब्द जिथं दारातूनच परत जात होते, तिथं झिजाई थेट गादीवर जाऊन बसली. माणूस येतो, काम करतो, चप्पल झिजते, तिचे द्यायचे. ज्यांनी फुकट प्रोग्राम घेतला नव्हता ते झिजाई देऊन तोच प्रोग्राम घेऊ लागले. वर्षाची झिजाई पाडव्याला ठरायची, मग वर्षभर केव्हाही बोलवा. ज्यानं जास्त पळवलं त्याची पुढच्या वर्षी चढायची. कुणी घासाघीस केली तर सुदामराव काही बोलत नसत, चप्पल उलटी करून गादीवर ठेवत. शेठ म्हणे, "उचला हो, उचला, देतो."

धंदा चालतो म्हटल्यावर मी त्यांना आमच्या बँकेत नेलं. म्हटलं, कर्ज घ्या, ऑफिस टाका, चार माणसं ठेवा. मॅनेजरांनी विचारलं, "तारण काय?"

"तारण न्हाई."

"प्रोग्राम आहे ना तुमचा?"

"तो सगळ्यांचा हाय. तुमच्याबी बँकेला देतो."

"मग तुमचं स्वतःचं असं काय आहे?"

सुदामरावांनी जरा विचार केला. "लोक बोलावतात," म्हणाले.

मॅनेजरांनी माझ्याकडं पाहिलं. मी पंख्याकडं पाहिलं. कर्ज काही मिळालं नाही. सुदामरावांना त्याचं वाईट वाटलं नाही, उलट निघताना प्रोग्रामची सीडी टेबलावर ठेवून आले. दोन मुलं मात्र त्यांनी कर्जाशिवायच हाताखाली घेतली आणि पहिल्याच दिवशी दोघांना नव्या चपला घेऊन दिल्या.

असं बरं चाललं होतं. आणि मग अंबडकडच्या आडती गळायला लागल्या.

आधी एक गेली, मग दुसरी. विचारलं तर म्हणत, "आम्हाला इथल्या इथंच माणूस मिळाला." मग जालन्यातल्याही दोघांनी झिजाई बंद केली. अंबडचाच कुणीतरी येऊन स्वस्तात काम करून देत होता म्हणे. हाताखालची मुलं धास्तावली. छायानं बंद केलेलं पिकोचं मशीन पुसून परत खिडकीशी ओढलं. सुदामराव वरवर शांत होते, पण काम करताना शीळ घालायची त्यांची सवय सुटली होती.

एक दिवस माझा मावसभाऊ बँकेत आला. अंबडला तूर घालून आला होता. पैसे भरायला म्हणून त्यानं खिशातून कागदांचा पुंजका काढला, त्यात पट्टी होती. मी सहज नजर टाकली आणि खुर्चीतून उठलो. 'गाळा क्रमांक'. तोच तेलात सोडलेला ळ! खाली नाव मात्र भलत्याचंच: गजानन कॉम्प्युटर्स, अंबड.

चोरी माझ्या हातात रंगेहाथ सापडली होती. मी किल्ली सहकाऱ्याकडं रीतसर सोपवली, अर्धी रजा टाकली आणि थेट सुदामरावांच्या घरी गेलो. तिथं मंदाही आलेली होती. मी पट्टी त्यांच्यापुढं धरली. "बघा! कुलूप लावू नका, लावू नका. घ्या आता! अख्खा प्रोग्राम चोरलाय, वर स्वतःचं नाव टाकलंय."

सुदामरावांनी चष्मा लावला. पट्टी डोळ्यांजवळ नेली. मंदानं छायाचा हात धरला.

"साडूभाऊ," ते हळूच म्हणाले, "हे बघा."

"बघितलं म्हणून तर आलो!"

"ळ न्हाई हो. हे. वरची ओळ."

वर लिहिलं होतं, 'शेतकऱ्याचे नाव'. मला त्यात काही दिसेना.

"ऱ्य," सुदामराव म्हणाले. "माझ्या पट्टीवर 'शेतकर्याचे' येतं. य वर रफार. चूक हाय, पण मला ते आडवं ऱ्य टिंबांत कधीच बसवता आलं न्हाई. लई दिवस डोकं फोडलं, मंग सोडून दिलं. यानं बसवलंय. बघा, किती बराबर बसवलंय."

"म्हणजे चोरून वर सुधारलंय!"

"चला," ते उठले.

"कुठं?"

"अंबडला. आत्ताच."

बातमी मोंढ्यात आमच्याआधी पोचली. माझी स्कूटर हाजीसेठच्या दुकानासमोरून जाताना त्यांनी हात करून थांबवलं. "मियाँ, झगडे को जा रै? दो हमाल साथ दे दूँ?" सुदामरावांनी नको म्हणून हात हलवला. मला खरं तर हमालांची कल्पना पटली होती. वाटेनं दोन्ही बाजूंना काढणीला आलेली तूर, आणि मी स्कूटर चालवत मनात वाक्यं जुळवत होतो: पोलीस, वकील, नुकसानभरपाई. मागं बसलेले सुदामराव ती पट्टी पुन्हा पुन्हा उलगडून बघत होते.

स्टँडजवळ एका बोळात दुकान होतं. कॉम्प्युटर जॉबवर्क, मराठी टायपिंग. आत तिशीतला एक किडकिडीत माणूस, तोच गजानन. सुदामरावांनी नाव सांगितलं मात्र, त्याच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. तो उभा राहिला, खुर्ची मागं पडली.

"सर, तुमचं आतलं नाव मी काढलं न्हाई," तो घाईघाईनं म्हणाला. "बाहेर माझं टाकलं, पण आत पहिल्या ओळीला तुमचंच हाय. सुदाम बोराडे, केदारखेडा. पाह्यजे तर दाखवतो."

मी तयार केलेली वाक्यं काढणार, तेवढ्यात सुदामराव म्हणाले, "ते ऱ्य कसं बसवलं?"

गजाननला कळेना, हा सापळा आहे की काय. मग तो चाचरत सांगू लागला. "र आणि य वेगळे काढून जोडायचा तुम्ही प्रयत्न केला. मी ते दोन्ही मिळून एकच अक्षर धरलं." सुदामराव पुढं वाकले. कपाळावर हात मारला. "एकच अक्षर! एकच!" मग स्वतःच खुर्ची ओढून बसले.

"तुम्ही सगळं वाचलं?" त्यांनी विचारलं. आवाज जरा वेगळा होता.

"वाचलं, सर. पयल्यांदा डोक्यावरून गेलं. मंग परत वाचलं. काट्याचं तुम्ही जे लिहिलंय, चाळणीतला कचरा वजा करून पुन्हा वजन धरायचं, ते लईच भारी हाय. मी ते दोस्ताला वाचून दाखवलं." त्यानं पडद्यावरचं लिखाण शेवटाकडं सरकवलं. "पण राग येणार न्हाई ना? शेवटाकडं तुम्ही घाई केली."

"कुठं?"

"बाजार फीचं जिथं हाय तिथं. आधी तुम्ही असं कधी लिहीत न्हाई. तिथं नुसतं आटोपलंय. वाटलं, काहीतरी झालं असंल."

सुदामरावांनी त्या ओळींवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "छायाला टायफॉइड झाल्ता तव्हा. दवाखान्यात बसून वहीत लिहिलं ते."

"ते दिसतं, सर," गजानन म्हणाला.

त्यानंतर मी त्या दुकानात होतो याची दोघांनाही आठवण राहिली नाही. ते पडद्याकडं बोट दाखवत बोलत होते, एकमेकांची वाक्यं तोडत होते, हसत होते. मला त्यातलं काही कळत नव्हतं. चहा आला, तो मी एकट्यानंच प्यायलो. एकदा मधे मी खाकरून म्हटलं, "पण हे विकून राह्यलेत त्याचं काय?"

सुदामराव भानावर आले. "हां. गजाननराव, पैसे घ्या. बिनधास्त घ्या, तुमचीबी चप्पल झिजते. पण आत्ता पडद्यावर दिसलं, तुम्ही देताना आतलं कुलपात घालता."

गजाननची मान खाली गेली. "न्हाई लावलं तर गिऱ्हाईक दुसऱ्याकडं जाईल, सर."

"जाईल की. मंग तुम्ही काम असं करा, की परत येईल. मी कुलूप लावलं असतं तर तुम्ही आज कुठं असता? अन् माझं ऱ्य?" हे बोलताना ते मऊ नव्हते. असे कडक मी त्यांना आधी कधी पाहिलं नव्हतं. "ज्याला दिलं त्याला आतलंबी द्यायचं. ही अट माझी न्हाई, ज्यांनी आपल्याला दिलं त्यांची हाय. ती मोडायची न्हाई."

गजाननानं मान डोलावली. आणि त्यानं ती पाळली, हे सांगितलं पाहिजे. पुढच्या आठवड्यात अंबडच्या पट्ट्यांवर खाली दोन नावं छापून आली आणि जालन्याच्या पट्ट्यांवर शेतकरी शुद्ध झाला.

परत येताना पेट्रोल पंपावर मी विचारलं, "मग? काय ठरवलंत? तक्रार?"

"साडूभाऊ," ते म्हणाले, "त्यानं वाचलं हो." एवढंच.

पुढचं तुम्हाला जालन्यात कुणीही सांगेल. जालना सुदामरावांनी बघायचं, अंबड आणि घनसावंगी गजाननानं. एकानं केलेली दुरुस्ती दुसऱ्याकडं जायची. ते बघून परतूरला एक मुलगी पुढं आली, भोकरदनला एक रिटायर्ड मास्तर. प्रत्येकाचं दुकान वेगळं, बिल वेगळं, प्रोग्राम एक. मधे बाहेरच्या एका कंपनीनं रंगीत पडद्याचा प्रोग्राम आणला. थोडे आडते तिकडं गेलेही. पण बाजार समितीनं पट्टीचा नमुना बदलला तेव्हा ती कंपनी म्हणाली, पुढच्या वर्षी बघू. आमच्या या मंडळींनी अंबडात बसून दोन दिवसांत बदललं आणि चौघांनी आपापल्या गावांत बसवलं. गेलेले सगळे परत आले. सुदामरावांनी कुणाला एका शब्दानं टोचलं नाही. त्या वर्षीची झिजाई तेवढी जरा चढी लावली.

आमच्या मॅनेजरांची बदली झाली. जाण्याआधी ते मला म्हणाले, "तुमचे साडू काय म्हणाले होते? लोक बोलावतात. अहो, तेच तारण होतं की. आम्हाला लिहून घ्यायला रकाना नव्हता." आता कुठल्याही लग्नकार्यात चारचौघांत कॉम्प्युटरचं नाव निघालं, की मी सुदामरावांचा दंड धरून त्यांना पुढं ओढतो आणि मोठ्यानं सांगतो, "हे आमचे साडू." मंदा तर हल्ली सांगते, की हे स्थळ तिनंच शोधलं होतं. ते खरं नाही, पण मी बोलत नाही.

मागच्या एका रविवारी सकाळी मी त्यांच्याकडं गेलो होतो. सुदामराव बाहेर ओट्यावर फोन घेऊन बसले होते, गजाननशी बोलत. आवाज गल्लीभर. मी आत स्वयंपाकघराच्या दारात पाट घेऊन बसलो. छाया भाकरी थापत होती.

"रोज असंच असतं का?" मी विचारलं.

"रोज. तासभर." ती हसली. थोड्या वेळानं म्हणाली, "दाजी, पयले ते मला सांगायचे. रोज सकाळी, तुम्ही बसलात तिथंच बसून. काल काय लिहिलं, कुठं अडलं, कसं सुटलं. सगळं."

"तुला कळायचं?"

"मला काय कळतंय! पण मी हात थांबवून ऐकायचे. मधे मधे हूं म्हणायचे. एकदा त्यांनी विचारलं, कळलं का? मी म्हटलं, कळलं की." तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "त्यांनाबी माहीत होतं, मला कळत न्हाई म्हणून. तरी सांगायचे. दुसऱ्या कुणाला सांगणार होते, दाजी? ह्या एवढ्या मोठ्या गावात त्यांच्या कामाचं बोलायला एक मानूस नव्हता."

"आता बरं झालं मग. तुझ्या भाकरी लवकर होत असतील."

"व्हतात की," ती म्हणाली आणि नवा गोळा हातात घेतला.

बाहेर सुदामराव कशावर तरी मोठ्यानं हसले, अगदी खळखळून, थांबता थांबेना. छायाचे हात परातीवरच थांबले. गोळा तसाच तळहातात धरून ती दाराकडं मान करून ऐकत राहिली, ते हसणं संपेपर्यंत.